चार हातांचा धंदा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, नागपूर येथे, एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यकारी मंडळाने आज आम्हास दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही काही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतर तीन तपांहून अधिक काळ प्राथमिक शाळेतील खडूफळ्याची सोबत, एवढीच आमची पुंजी. तथापि आमचा जन्म तांबटाच्या घरात झाला आणि लहानपणी शाळेची घंटा कानी पडण्यापूर्वी हातोड्याचा नाद कानी पडला. म्हणून "घरच्या घरी चालणारा आपला धातुकामाचा धंदा आणि त्यातील पतिपत्नीचा वाटा" हा विषय आम्ही बोलावयास घेतला आहे. विषय घरचा आहे. त्यामुळे बोलणेही घरच्यासारखे होईल. त्यात काही अधिकउणे झाल्यास आपण उदार मनाने क्षमा करावी.

आपल्या कुळाचा धंदा किती जुना आहे, हे सांगण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया ह्या गावी १८७० साली गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीत पुरलेला एक ठेवा सापडला. त्यात तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. कुऱ्हाडी, पट्ट्या, छिन्न्या अशी ती हत्यारे. त्यांतील काही नमुने १८६३ साली स्थापन झालेल्या आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत अजब बंगल्यात, आले. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे तर इसवी सनापूर्वीच्या शिलावर्तुळांत घोड्याच्या मुखावर बांधावयाचे तांब्याचे अलंकार निघाले आहेत. ज्यांनी ते पत्रे ठोकले, त्यांच्या हाताचे कसब आजही दिसते. परंतु त्यांचे नाव मात्र कोठेही दिसत नाही. पुरुषाचे नाही आणि स्त्रीचेही नाही. इतक्या प्राचीन काळाविषयी आपण तक्रार करू शकत नाही. पण जे आज आपल्या डोळ्यांदेखत चालले आहे, त्यात अर्धे नाव पुसले जात असेल, तर त्याचा दोष काळाला देता येणार नाही. तो आपलाच दोष होय. आजच्या आमच्या बोलण्याचे सूत्र इतकेच आहे.

कासार हा शब्द कांस्यकारापासून आला आणि तांबट हा ताम्रापासून, हे आपण सर्वजण जाणता. तांब्यात जस्त मिळविले की पितळ होते आणि कथील मिळविले की कासे होते, हेही आपल्या मुलांना रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधी घरात कळते. शेजारचे भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले आहे. नागपुरात इतवारीच्या ओळींतून गुंड, कळशी, गंज, परात, गंगाळ, समई ह्यांच्या राशी आपण लहानपणी पाहिल्या. पुण्यात कसब्यातील तांबट आळी आहे. ह्या सर्व ठिकाणी दुकान बाजारात असले, तरी कारखाना बहुधा घरातच असे. पुढची पडवी म्हणजे कामाची जागा, मागची खोली म्हणजे संसार, आणि मधल्या उंबरठ्यावरून दिवसातून शंभर वेळा ये-जा करणारी घरची लक्ष्मी.

ह्या धंद्यावर संकटे काही थोडी आली नाहीत. कारखान्यांतून लाटून निघालेला तयार पत्रा आला आणि धातूची लगड ठोकून पत्रा करण्याचे काम गेले. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी ॲल्युमिनियमची भांडी करावयास आरंभ केला आणि पुढे ती गरिबाच्या चुलीवर चढली. मग पोलाद आले, त्याच्या मागून प्लॅस्टिक आले. कल्हईवाल्याची आरोळी गल्लीतून नाहीशी झाली. काळाचा खेळ असा, की ॲल्युमिनियमच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९८९ साली आपल्या नागपुरातच स्थापन झाली. त्याबद्दल आमच्या मनात आकस नाही. विद्या कोणत्याही धातूची असो, ती विद्याच होय. आनंदाची गोष्ट एवढीच, की अलीकडे लोकांना तांब्याच्या पाण्याच्या भांड्याची आणि हाताने मठारलेल्या वस्तूंची पुन्हा आठवण झाली आहे, आणि दोनचार घरे का होईना, ह्या कामावर पुन्हा उभी राहत आहेत.

अशाच एका घरी मागील हिवाळ्यात आमचे जाणे झाले. जुन्या नागपुरातील दोन खोल्यांचे घर. नाव आम्ही सांगत नाही. त्यांना ते आवडणार नाही. पती पन्नाशीचे, पत्नी त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. आम्ही दुपारचे जाऊन दिवेलागणीपर्यंत बसलो आणि शिक्षकाच्या जुन्या सवयीप्रमाणे कोण कोणते काम करते, ह्याची मनातल्या मनात नोंद घेतली.

पत्र्यावर कर्कटाने वर्तुळ आखले पतीने. कातरीने कापले पत्नीने, कारण तिच्या हाताने कातरण कमी निघते. ऐरणीवर घडण पतीने केली. ठोकून ठोकून तांबे ताठर होते, पुढे ठोकल्यास तडकते. म्हणून ते पुन्हा भट्टीत लाल होईपर्यंत तापवावे लागते. गंमत अशी, की तापलेले पोलाद पाण्यात बुडविले तर कठीण होते, पण तांबे पाण्यात बुडविले तरी मऊच राहते. भट्टीजवळ पत्नी होती. तापवून काळवंडलेले भांडे चिंचेच्या पाण्यात टाकणे, घासणे, पुन्हा पतीच्या हाती देणे, हेही तिचेच. सांध्याला टाकणखार लावून डाख दिला पतीने. आणि शेवटी लहान हातोडीने मठारण्याचे काम, ज्यामुळे भांड्यावर चांदण्यांसारखी नक्षी उमटते आणि ज्याच्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजते, ते दोघांनी आळीपाळीने केले. कोणती ओळ कोणाच्या हातची, हे आम्हास काही ओळखता आले नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या मनावर ठसली. पती ठोकत असता स्वयंपाकघरातून पत्नीने हाक दिली, "आता थांबा, तापवायला आलं." तिने भांडे पाहिलेही नव्हते. आम्ही आश्चर्याने पाहिले तेव्हा पती हसून म्हणाले, "गुरुजी, हातोडा माझा, पण कान तिचे." तांबे ताठरले की नाद बदलतो. तो नाद पीठ मळता मळता जिला कळतो, तिला कारागीर म्हणावयाचे नाही, तर कोणाला म्हणावयाचे?

निघताना दारावरची पाटी पाहिली. पाटीवर एकच नाव होते. आपल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यात त्यांनी गाळा मांडला होता, तेथील कागदावरही एकच नाव. बँकेचे खाते एकाच नावाने. पत्नीस आम्ही विचारले, "ताई, आपण काय करता असे कोणी विचारले तर काय सांगता?" ती सहज म्हणाली, "काही नाही, घरीच असते."

मंडळी, "घरीच असते" हे तीन अक्षरी आणि तीन अक्षरी दोन शब्द ऐकून आम्ही जे खाली मान घालून बाहेर पडलो, त्याचे कारण आपणांस सांगितले पाहिजे. ते सांगण्यासाठीच आज आम्ही येथे उभे आहोत.

आमचे वडील तांबट होते. व्यापाऱ्याने पत्रा तोलून द्यावा, वडिलांनी भांडी घडवून तोलून परत करावी आणि घडाईची मजुरी किलोवर मिळावी, असा तेव्हाचा व्यवहार. समजा २० किलो पत्रा आला. भांडी भरली १८ किलो. तर उरलेल्या २ किलोंचा हिशेब कातरण आणि घट मिळून द्यावा लागे. घट जास्त दिसली तर ती मजुरीतून कापली जाई. हा हिशेब आमची मातोश्री ठेवीत असे. तिला लिहिता येत नव्हते. कोळशाने भिंतीवर रेघा ओढून ती ठेवीत असे, आणि त्या रेघा कधी चुकल्याचे आम्हास आठवत नाही. गणिताचे आमचे पहिले गुरू ती भिंत होय. शिवाय भट्टीचा भाता, चिंचेचे घासकाम, नवसागर टाकून कथलाची कल्हई, हे सर्व तिच्याकडे. सणासुदीला काम वाढले की ऐरणीवरही ती बसे.

आम्ही मॅट्रिक झालो त्याच वर्षी वडील वारले. दहाव्या दिवसानंतर मातोश्री व्यापाऱ्याच्या पेढीवर गेली. बरोबर आम्ही होतो. तिने म्हटले, पूर्वीप्रमाणे पत्रा द्या, मी काम करून देते. पेढीवरील मंडळींनी सहानुभूती दाखविली. ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण खातेवही उघडून ते म्हणाले, "खाते तर त्यांच्या नावचे होते. आता तुमच्याकडे कारागीर कोण आहे?" ज्या हातांनी वीस वर्षे त्याच पेढीची भांडी उजळली, ते हात समोर पदराखाली जुळलेले होते, आणि प्रश्न होता की कारागीर कोण. ती काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. पुढे तिने दुसऱ्यांच्या घरची भांडी घासण्याउजळण्याचे काम रोजाने केले आणि आम्हास अध्यापनाच्या अभ्यासक्रमास घातले. ऐरण विकावी लागली. ज्या घरात धंदा होता, त्या घरात मजुरी आली. आणि त्याचे कारण कसब संपले हे नव्हते. कसब होते, पण त्याला नाव नव्हते.

आपण म्हणाल, हा व्यापाऱ्याचा दोष. नाही. आमचा स्वतःचा दोष ह्याहून मोठा आहे. १९९१ च्या जनगणनेत इतर शिक्षकांप्रमाणे आम्हीही प्रगणक होतो. त्या प्रपत्रात विचारावयाचा एक प्रश्न असा होता, की गेल्या वर्षी आपण काही काम केले काय. आणि त्यातच स्पष्ट म्हटले होते, की शेतावर किंवा घरच्या उद्योगात बिनमजुरीने केलेले कामही त्यात धरावे. प्रशिक्षणात ते आम्हास वाचून दाखविले गेले होते. तरीही घरोघर पुरुषांनी सांगितले, "बायको घरीच असते," आणि आमच्या लेखणीने ते तसेच उतरविले. पुढच्या पडवीत चिंचेचे पातेले उकळत असताना आणि त्याच्याजवळ बसलेल्या बाईचे हात हिरवट झालेले दिसत असताना उतरविले. आमच्या घराची गणना दुसऱ्या गुरुजींकडे होती. ते आले तेव्हा मातोश्रीच्या वतीने उत्तर आम्हीच दिले. आम्ही सांगितले, "घरकाम."

त्या रात्री जेवताना तिने विचारले, "बाबू, माह्या नावापुढं काय लिहिलं?" आम्ही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बरं. भिंतीवरच्या रेघा पुसल्या, हेही पुसलं." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते.

सज्जनहो, ही आमची कबुली आहे. आता ह्यावर काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, "गुरुजी, संसारात तुझे-माझे कशाला? पतिपत्नी म्हणजे एकच. नाव कोणाचेही असो." ह्या म्हणण्यात प्रेम आहे, म्हणून आम्ही त्याचा आदर करतो. घरातल्या घरात नावाची गरज नसते, हे खरे. पण पेढीची वही, बँक, सरकारी कचेरी आणि मृत्यू ह्यांना घरातले प्रेम वाचता येत नाही. त्यांना फक्त लिहिलेले नाव वाचता येते. पतिपत्नी एकच, हे जर खरे असेल, तर दोन्ही नावे लिहिण्यास हरकत कोणती? आणि ज्या पतीला पत्नीची काळजी आहे, त्याने आपल्या पश्चात ती पेढीवर उभी राहील तेव्हा तिच्या हातात काय असेल, ह्याचा विचार आजच करावयास नको काय?

इतरांनी हा विचार केला आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी ह्यांनी १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की पतीने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून द्यावा. आणि महाराष्ट्रातील अनेक गावांतील शेतकऱ्यांनी तो दिला. महाराष्ट्र शासनाने तर नियम केला, की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या दस्तऐवजात त्याच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव यावे. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बाई आली, बालकाच्या दाखल्यावर आई आली. मग तांबटाच्या पाटीवर तिने का येऊ नये?

उपदेश करून थांबणे शिक्षकास शोभत नाही. गृहपाठ दिला पाहिजे. आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट धंद्याच्या कागदांची. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पतिपत्नी एकमेकांचे भागीदार होऊ शकतात. साधा भागीदारीचा लेख करावा, बँकेचे खाते त्या नावाने उघडावे आणि लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणीही, जी १ जुलै २०२० पासून सुरू आहे व जिला शुल्क नाही, त्याच नावाने करावी.

दुसरी गोष्ट कारागिराच्या ओळखीची. हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयातर्फे 'पहचान' नावाचे ओळखपत्र मिळते. ते कुटुंबाचे नसून व्यक्तीचे असते. तेव्हा पतीने आपले काढले असेल, तर पत्नीचेही काढावे. येथे एक सावधगिरीची सूचना. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांतील कारागिरांस तारणावाचून प्रथम १ लाख आणि पुढे २ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे; परंतु तिचा लाभ एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस मिळतो. ज्यांचे काम त्या यादीत बसते, त्यांनी ते एक नाव कोणाचे असावे, ह्याचा विचार दोघांनी बसून करावा. सवयीने करू नये. आणि चार हातांच्या धंद्यात शासनाने एकच नाव का धरावे, हा प्रश्न आपल्या संस्थेने अर्ज करून शासनापुढे ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घरची, म्हणजे ह्या संस्थेची. आपल्या कुटुंबसूचीत पुरुषाच्या पुढे "व्यवसाय" असा रकाना आहे आणि स्त्रीच्या पुढे तो नाही. वधूवर सूचीत तांबटाच्या लेकीपुढे "गृहकृत्यदक्ष" असे छापले जाते. तिला डाख देता येतो, कल्हई करता येते, हे छापले जात नाही. स्थळ पाहणाऱ्यांनी गृहकृत्याची परीक्षा पोह्यांवरून घ्यावी, ह्याला आमचा विरोध नाही. पण तिच्या हातातील कलेचीही चौकशी करावी. आणि संमेलनात कारागिराचा सत्कार होतो, तेव्हा शाल एकाच्या खांद्यावर आणि दुसरीच्या हातात केवळ नारळ, असे होऊ नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणारी जनगणना शासनाने २०२५ मध्ये अधिसूचित केली आणि तीत जातीची नोंद होईल, असेही ठरले. त्यामुळे ज्ञातीच्या रकान्यात काय लिहावे, ह्याची चर्चा आपल्या प्रत्येक सभेत होईल. ती अवश्य व्हावी. पण ज्ञाती म्हणजे अखेर काय? जिच्या हातात धंदा आहे, ती ज्ञाती. जातीच्या रकान्यासाठी जागरूक राहणारा आपला समाज कामाच्या रकान्यात निम्म्या कारागिरांस वगळून बसला, तर आपलीच संख्या आपण अर्धी केली, असे होईल. म्हणून प्रगणक दारात येईल तेव्हा पुरुषांनी पत्नीच्या वतीने उत्तर देऊ नये. तिला बाहेर बोलवावे, आणि तिचे उत्तर तिने द्यावे. भगिनींनो, आपणांसही हात जोडून विनंती, की "काही नाही, घरीच असते," असे सांगू नका. "मी तांब्याचे काम करते," असे सांगा. ते खरे आहे, आणि खरे सांगण्यात लाज कसली?

आमची मातोश्री आज हयात नाही. तिच्या नावापुढे जे लिहिले गेले, ते आता आम्हास खोडता येत नाही. तिने कल्हई केलेले एक पातेले घरात आहे. आतील कथील झिजून तांबे दिसू लागले आहे, तरी आम्ही ते मोडीत दिलेले नाही. मागील हिवाळ्यात ज्या घरी गेलो होतो, त्या गृहस्थांना आम्ही ही सर्व हकीकत सांगितली होती. परवा त्यांच्या गल्लीवरून जाताना पाटी नवी दिसली. तांब्याचाच पत्रा, मठारलेला. त्यावर दोन नावे होती, आणि कोणती अक्षरे कोणाच्या हातची, हे ह्याही वेळी आम्हास ओळखता आले नाही.